जुनी मारुती ८००: सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चालताना मात्र झकास. काय बघू?

कासपठार
नमस्कार मंडळी. आमची एमएच-११ पासिंगची मारुती ८००, १९९६ ची, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). अण्णांनी नवी घेतलेली, मी गाडी शिकले तीही हिच्यावरच. अण्णा आता ७६ वर्षांचे आहेत. स्वतः चालवत नाहीत, पण शेजारच्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि आजकाल रोज म्हणतात, "ही नीट श्वास घेत नाहीये."

त्रास असा. सकाळी चोक ओढून सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं छान चालते. गरम झाली, चोक आत ढकलला, की न्यूट्रलला थरथर सुरू. स्टिअरिंग हलतं, आरसा हलतो, पोवई नाक्यावर सिग्नलला कधीकधी बंदच पडते. अॅक्सिलरेटर जरासा दाबला की सगळं गुळगुळीत. हायवेला ऐंशीने जाताना काही तक्रार नाही.

आतापर्यंत झालेलं काम: तिन्ही प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर नवा, एअर फिल्टर नवा, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ. शेवटी गॅरेजवाल्यांनी स्क्रू फिरवून स्लो स्पीड वाढवून दिला. आता बंद पडत नाही, पण गिअर टाकताना खडखड होते आणि चावी काढली तरी इंजिन दोन-तीन गचके खाऊन मग थांबतं. खर्च साडेचार हजारांवर गेला. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ येते आहे आणि पीयूसीतही (धुराच्या प्रदूषण तपासणीत) नापास झाली. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगते.

जुनापेट्रोल
ताई, माझ्या ८०० ला अगदी असंच होत होतं. थ्रॉटल बॉडी काढून साफ केली, आयडलची (न्यूट्रलला चालतानाची) हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह काजळीने चिकटला होता तो स्वच्छ केला, अर्ध्या तासात काम झालं. तेच करून बघा.

कृष्णाकाठ
जुनापेट्रोल, तुमची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी) असणार, २००० च्या सुमाराला आलेली. तिच्यात कॉम्प्युटर आणि सेन्सर आहेत, आयडलची हवा तो व्हॉल्व्ह सांभाळतो. ताईंच्या गाडीत यातलं काहीच नाही. हा उपाय तुमच्यासारख्या गाड्यांना बरोबर आहे, इथे लागू नाही.

जुनापेट्रोल
बरोबर, माझी २००३ ची आहे. कार्बोरेटर हा शब्द वाचायचा राहिला. माफ करा.

ओम्नीवाला
रत्नागिरीहून. माझ्या ओम्नीत हेच ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे काय बिघडलं ते पाठीच्या कण्यालाच आधी कळतं. माझं मत विचाराल तर पेट्रोल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून माझीही गाडी न्यूट्रलला स्थिर चालेना. मिक्श्चर स्क्रू थोडा बाहेर काढला, म्हणजे पेट्रोल जरा वाढवलं, चालायला लागली. जुन्या गाड्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत.

कृष्णाकाठ
ताई, एकही भाग आता विकत घेऊ नका. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या.
इंजिन पूर्ण गरम असताना, थरथर चालू असताना, चोक एक सेंटिमीटर बाहेर ओढला तर काय होतं?
पीयूसीच्या चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) या दोन ओळींपुढे काय आकडे आहेत?
गेल्या दोन-तीन वर्षांत इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) उघडलं होतं का?
बॉनेट उघडून बघा. इंजिन स्वतः हलतं आहे, की इंजिन शांत आहे आणि फक्त गाडी आत थरथरते? शांत असेल तर फाउंडेशनची (इंजिन ज्यावर बसतं ती) रबरं गेली आहेत आणि बाकी सगळं विसरायचं.

कासपठार
आत्ताच जाऊन पाहिलं.
१) चोक जरासा ओढला की थरथर जवळजवळ थांबते! हे मी कधी करून पाहिलंच नव्हतं.
२) चिठ्ठीवर सीओ ०.६ टक्के, एचसी २१४० पीपीएम. पीयूसीवाले म्हणाले, पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर आवळून घ्या. मग गॅरेजमध्ये मिक्श्चर कमी करून दिलं. त्यानंतर जास्तच बिघडलं.
३) हो. दोन वर्षांपूर्वी हेड गॅस्केट गेलं होतं, तेव्हा डोकं उतरवलं होतं.
४) इंजिनच हलतं आहे. लयीत नाही, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखं.

कृष्णाकाठ
तुमचं निदान त्या चिठ्ठीवर छापलेलं होतं, फक्त ते उलटं वाचलं गेलं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी चाळीस वर्षं बघत आलोय.

पीयूसीची चाचणी न्यूट्रलला, म्हणजे तुमचा त्रास जिथे होतो तिथेच होते. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. ते जास्त दिसलं की लोकांना वाटतं पेट्रोल जास्त जातंय. पण पेट्रोल खरंच जास्त जात असतं तर ते अर्धवट जळून सीओ वाढला असता, तीन-चार-पाच टक्के. तुमचा सीओ आहे ०.६. म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हवा इतकी जास्त की एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडूनही ते पेटतच नाही, आणि ते सगळं न जळलेलं पेट्रोल जसंच्या तसं सायलेन्सरमधून बाहेर जातं. म्हणून एचसी वर आणि सीओ खाली. मिक्श्चर आणखी कमी केल्यावर गाडी बिघडली ती याचमुळे. चोक ओढल्यावर सुधारते तीही याचमुळे: चोक हवा अडवतो, पेट्रोल वाढतं.

आता प्रश्न, ही जादा हवा येते कुठून? कार्बोरेटर दोनदा साफ झालाय. जेट तुंबलेला असू शकतो, पण मला वाटतं इंजिन कुठूनतरी एअर घेतंय. कार्बोरेटरच्या खाली, मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळांच्या) जोडावर किंवा एखाद्या फुटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून.

चालताना त्रास का नाही, तेही यात आलं. न्यूट्रलला थ्रॉटलची पाकळी, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढतात, हवा मिळत नाही, मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनाचा व्हॅक्यूम गेज (ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा) १७ ते २१ इंच दाखवतो. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे साताऱ्यात १५ ते १८ आला तरी चांगला. एवढी ओढ असताना केसाएवढी फट पुरते. इंजिनाला लागणारी हवाच थोडी, त्यात ही चोरवाटेची हवा मोठा हिस्सा होऊन बसते. अॅक्सिलरेटर दाबला की पाकळी उघडते, ओढ कमी होते, राजरस्त्याने भरपूर हवा येते आणि फटीतल्या हवेला काही किंमत राहत नाही.

स्लो स्पीडचा स्क्रू वाढवला म्हणजे पाकळी थोडी उघडून ठेवली, एवढंच. रोग तिथेच आहे. उलट चावी काढल्यावर इंजिन गचके खातं ते त्याच उघड्या पाकळीमुळे: आत मिश्रण येत राहतं आणि तापलेल्या काजळीवर पेट घेतं.

रविवारी वेळ काढा आणि आधी कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधा. तीनच आहेत, लगेच सापडेल. इंजिन बंद करून एक नंबरच्या प्लगची वायर काढा, तिच्यात जुना प्लग घालून तो प्लग इंजिनाच्या लोखंडाला पक्का टेकवून बांधा, मग सुरू करा. आवाज किती पडतो ते ऐका. बंद करा, वायर परत बसवा, दोन नंबर, मग तीन. जो काढल्याने काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला आहे. चालू इंजिनवर वायरी ओढायच्या नाहीत. काही जण ओढतात, मी कुणाला शिकवत नाही.

काळीपिवळी
काकांनी पाया घातलाच आहे, मी हाताची दोन कामं सांगतो. आमचे बाबा ताडदेव, ग्रँट रोड भागात पद्मिनी चालवायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली त्या दिवशी बाबा दिवसभर गप्प होते. त्यांच्याकडे गेज नव्हता, पण हे दोन डाव होते.

पहिला: एअर फिल्टर काढा, इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू धरा, अर्धं तोंड झाकेल इतपत. इंजिन सुधारलं तर हवा जास्त. घुसमटून बंद पडायला लागलं तर मिश्रण ठीक आहे किंवा पेट्रोल जास्त आहे. फक्त कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा फटका येत असेल तर हात लावू नका, पुठ्ठा वापरा.

दुसरा: हातभर लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानाला, दुसरं टोक मॅनिफोल्डच्या जोडावरून, कार्बोरेटरच्या बुडावरून, प्रत्येक पाइपाच्या टोकावरून फिरवा. एअर घेत असेल तिथे सापासारखा फुत्कार ऐकू येतो. उघड्या कानाला इंजिनाच्या आवाजात तो कळत नाही. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ नळी नेऊ नका. ताई, केस आणि ओढणी घट्ट बांधून घ्या.

आणि डिस्ट्रिब्युटरला जाणारा बारीक व्हॅक्यूम पाइप कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जीभ टेकवा. जीभ चिकटून राहिली पाहिजे. सुटली तर आतला पडदा फाटलाय, तिथूनही हवा जाते.

न्यूजर्सीकर
इथे गॅरेजमध्ये मॅनिफोल्डमध्ये धूर सोडणारं यंत्र असतं, धूर जिथून बाहेर येतो तिथे फट. घरी लोक कार्बोरेटर क्लीनर जोडांवर फवारतात. कृपा करून तसं करू नका. तो फवारा पेट्रोलसारखाच पेटतो, शेजारी तापलेला एक्झॉस्ट आणि ठिणगी टाकणाऱ्या वायरी असतात. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी बॉनेटखाली अशीच पेटली. साध्या पाण्याची फवारणीची बाटली पुरते. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाची चाल बदलते. डिस्ट्रिब्युटरवर आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मात्र पाणी नको. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, सीओला वास नसतो.

कासपठार
रविवारचा अहवाल. सकाळी गाडी अंगणात उघड्यावर घेतली. अण्णा खुर्ची टाकून बसले.

तळहाताचा प्रयोग: अर्धं तोंड झाकलं की इंजिन एकदम सरळ. अण्णा म्हणाले, "आता श्वास घेतला."

प्लगच्या वायरी: एक नंबर काढली, इंजिन कसंबसं धडपडत राहिलं. दोन नंबर, तसंच. तीन नंबर काढली, काहीही फरक नाही! मग मनात आलं म्हणून तीन नंबर काढलेली असतानाच अण्णांना अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगितला. तेव्हा गाडी स्पष्ट अडखळली. म्हणजे वेग वाढला की तीन नंबर काम करतो, न्यूट्रलला करत नाही.

प्लगचे रंग: एक आणि दोन बदामी, तीन पांढुरका.

रबरी नळी: डिस्ट्रिब्युटरच्या पाइपाला जीभ चिकटून राहिली, तो ठीक. कार्बोरेटरच्या बुडाला शांत. मॅनिफोल्डच्या तीन नंबरच्या टोकाला मात्र फुत्कार! आधी वाटलं भास असेल. अण्णांनाही ऐकवला. त्यांना ऐकू कमी येतं, तरी त्यांनी मान हलवली. मग तिथेच पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन सेकंद इंजिन सुरळीत, मग पुन्हा थरथर. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

ओम्नीवाला
पण ताई, तीन नंबरचा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) टाइट असला तरी न्यूट्रलला तो सिलिंडर मरतो आणि वेगात चालतो. मॅनिफोल्ड उतरवण्याआधी तेही बघा.

कृष्णाकाठ
ओम्नीवाल्यांची शंका रास्त आहे. टॅपेटमध्ये फट उरली नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं आणि लक्षणं अगदी सारखी दिसतात. पण मग चोक ओढून एवढा फरक पडला नसता, आणि पाण्याने तर मुळीच नाही. तरीही कंप्रेशन मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर सुटी, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती येतो यापेक्षा तिघांत फरक किती ते महत्त्वाचं. तीन नंबर बाकी दोघांच्या जवळपास असेल तर टॅपेट निर्दोष.

ओम्नीवाला
मान्य. आणि इथेनॉलचं काय म्हणता?

कृष्णाकाठ
तेही खरं आहे, पण त्याची जागा शेवटची. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की ती साडेतेराच्या आसपास येते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो. एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर ते काही प्रमाणात भरून काढतो. कार्बोरेटरचा जेट तेवढाच राहतो, त्यामुळे मिश्रण सात-आठ टक्के हलकं पडतं. ज्या गाडीत आधीच फट आहे तिला हे सहन होत नाही, आणि तुमच्या ओम्नीप्रमाणे धडधाकट गाडीलाही स्क्रू थोडा बाहेर घ्यावा लागतो. पण फट असताना स्क्रू सोडला तर एक आणि दोन नंबरला पेट्रोल जास्त होणार आणि तीन उपाशीच राहणार. आधी फट, मग स्क्रू.

रबराबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या नव्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला टिकतील असे २०२३ च्या एप्रिलपासून बनू लागले. तीस वर्षांच्या गाडीतले पेट्रोलचे पाइप त्याआधीचे आहेत. मऊ, फुगलेले किंवा चिरलेले दिसले तर इथेनॉलला चालणारे नवे पाइप टाका. ते न्यूट्रलसाठी नाही, आगीसाठी म्हणून करा.

कासपठार
काम झालं. उशीर झाला लिहायला, शाळेच्या परीक्षा चालू होत्या.

कंप्रेशन आधी मोजलं: १५५, १५०, १५०. टॅपेटची शंका मिटली. या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. कागदावर सगळे प्रयोग लिहून नेले होते. तिथल्या दादांनी वाचलं, स्वतः पाण्याचा फवारा मारून पाहिला आणि म्हणाले, "उतरवूया." रेडिएटरचं पाणी काढलं, मॅनिफोल्ड उतरवलं.

तीन नंबरच्या टोकाच्या स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या खुंटीचे) आटे गेलेले. नट नुसता फिरत होता, आवळतच नव्हता. दोन वर्षांपूर्वी डोकं उतरवलं तेव्हा जुनंच पॅकिंग परत बसवून वर लाल सिलिकॉन लावलं होतं. त्याचा एक तुकडा सुटून आत ओढला गेलेला, आणि तिथे पॅकिंग काळं पडून नखाएवढं झिजलेलं. एवढीशी जागा! मी फोटो काढून ठेवलाय.

दादांनी दोन्ही बाजू घासून साफ केल्या, स्टीलची पट्टी आणि फीलर गेज लावून मॅनिफोल्ड वाकलंय का ते तपासलं (नव्हतं), स्टड नवा बसवला, पॅकिंग नवं, सिलिकॉन अजिबात नाही. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने नट आवळले. पॅकिंग १८०, स्टड ४०, कूलंट ३५०, मजुरी १२००. मग स्लो स्पीड खाली आणला, मिक्श्चर स्क्रू ऐकत ऐकत लावला. पूर्वीपेक्षा साधारण पाऊण फेरी बाहेर आला. तो बहुधा काकांनी सांगितलेला इथेनॉलचा हिशेब.

पीयूसी: सीओ १.८, एचसी ३८०. पास. चावी काढली की इंजिन तिथल्या तिथे बंद होतं.

एक विचारायचं राहिलं. न्यूट्रलला अगदी बारीक थरथर अजून जाणवते. आरसा हलत नाही, पण सीटला कळते. हे काय आहे?

कृष्णाकाठ
ते तीन सिलिंडरचं अंगभूत आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला तसाच असतो. तीनमध्ये दोन टोकं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे इंजिन लांबीच्या दिशेने किंचित डुलतं. नवी होती तेव्हाही असणार, अण्णांना विचारा. लयीत असेल तर हात लावू नका. लय तुटली तर मात्र लगेच बघा.

आता एकच काम. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण थंड असताना मॅनिफोल्डचे नट एकदा पुन्हा तपासून घ्या. नवं पॅकिंग गरम-थंड होऊन बसतं आणि नट थोडे सैल पडतात.

काळीपिवळी
ताई, चिठ्ठीचे आकडे आणि फोटो इथेच राहू द्या. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सीओ-एचसीचं गणित आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती कार्बोरेटर उघडायचे वाचले असते.

जुनापेट्रोल
माझ्या २००३ च्या गाडीची पीयूसीची चिठ्ठी काढून बसलोय. सीओ ०.२, एचसी ९०. काका, हे चांगलं ना?

कृष्णाकाठ
उत्तम. ती चिठ्ठी फेकू नका, गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला लागेल.

कासपठार
५२० किलोमीटर झाले. आज सकाळी थंड इंजिनावर नट तपासले, मधले दोन जेमतेम पाव फेरी आवळले गेले, नवा स्टड जिथल्या तिथे. अण्णांना त्या बारीक थरथरीबद्दल विचारलं. म्हणाले, "शोरूममधून घरी आणली तेव्हापासूनची आहे." दुपारी त्यांना घेऊन यवतेश्वरपर्यंत जाऊन आले. वर पोचल्यावर गाडी चालूच ठेवायला सांगून ते पाच मिनिटं बॉनेटपाशी उभे राहिले.